गाडीतला कॅमेरा आणि द्वारका चौकातले पाच हजार

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. मी दोन वर्षांपूर्वी बँकेतून निवृत्त झालो. नाशिकला राहतो. घरात एक छोटी पेट्रोल गाडी आहे, ती मी आणि माझी मुलगी दोघेही चालवतो. गेल्या महिन्यात द्वारका चौकात सिग्नल सुटल्यावर मी हळूच निघालो, तेवढ्यात एक दुचाकीवाला राँग साइडने समोर आला, बंपरला घासला आणि पडला. त्याला खरचटलेसुद्धा नव्हते. पण दोन मिनिटांत पंधरा-वीस जण जमले, ‘कारवाल्यांना माणसं दिसत नाहीत’ सुरू झाले आणि मी पाच हजार रुपये देऊन सुटलो. चूक माझी नव्हती, हे आजही डोक्यातून जात नाही.

आता डॅशकॅम, म्हणजे काचेला लावून रस्त्याचे चित्रण करणारा कॅमेरा, बसवावा म्हणतो. शेजारी सांगतात, घेताय तर फोर-के घ्या, पुढे-मागे दोन्ही, वीस हजारांचा. मुलगा जर्मनीत असतो. तो म्हणतो, असा कॅमेरा लावणे बेकायदा आहे, आणि घ्यायचाच असेल तर मी डिसेंबरात येताना आणतो. मुलगी म्हणते, ‘म्हणजे मी कुठे जाते ते तुम्ही बघणार.’ सौभाग्यवतींचे म्हणणे, गाडीतले बोलणे रेकॉर्ड होणार असेल तर मी रिक्षाने जाईन. सोसायटीच्या ग्रुपवर राँग साइडवाल्यांचे व्हिडिओ टाकावेत असेही काहींच्या मनात आहे. कॅमेरा आधीच असता तर माझे पैसे वाचले असते का? आणि आता काय करावे?

एक वाचक, नाशिक

उत्तर

सप्रेम नमस्कार.

कॅमेरा जरूर घ्या. पण नुसता तो असता म्हणून तुमचे पाच हजार वाचले असते, असे मला वाटत नाही. बाकीचे प्रश्न खरेदीचे आणि घरातल्या वादाचे आहेत. हा एक रस्त्यावरचा आहे, म्हणून आधी तोच घेतो.

द्वारकेला तुमच्याभोवती जमलेल्या लोकांना पुरावा नको होता. मोठ्या गाडीवाल्याने लहान गाडीवाल्याला पैसे द्यायचे, हा आपल्याकडचा चौकातला न्याय. सिग्नल कोणाचा होता, उलटे कोण आले, असल्या बारीकसारीक गोष्टींना त्यात जागा नसते. अशा वेळी तुम्ही मोबाइल काढून ‘हे बघा, हा असा आला’ म्हणून व्हिडिओ दाखवायला लागलात की एक जण मोबाइल हातात घेतो, दुसरा म्हणतो यात काहीच दिसत नाही, आणि तिसऱ्याच्या लक्षात येते की काचेला कॅमेरा आहे. मग तो काचेकडे हात घालतो. होता नव्हता तो पुरावाही गेला. म्हणून पहिली शिस्त ही लावून घ्या की रस्त्यावर कोणाला व्हिडिओ दाखवायचा नाही आणि कॅमेरा आहे हे सांगायचेही नाही.

मग तो असून फायदा काय? फायदा हा की ‘चला, पोलीस स्टेशनला जाऊ’ हे तुम्ही शांतपणे म्हणू शकता. हे त्या दिवशीही म्हणता आले असते. पण तिथे गेल्यावर त्याचा शब्द आणि माझा शब्द, शिवाय त्याच्या बाजूने बोलणारे दहा जण, ही धास्ती असते आणि हात खिशाकडे जातो. कॅमेरा ती धास्ती कमी करतो. पैशांसाठी अडून बसलेला माणूस पोलिसांचे नाव निघाल्यावर बहुतेक वेळा गाडी उचलून निघून जातो. नाही गेला तर उत्तमच, ११२ ला फोन लावा आणि गाडीत बसून काचा वर करून थांबा.

समोरच्याला खरोखर लागले असेल तर गोष्ट वेगळी. मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ चालकावर जबाबदारी टाकते. जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यायची आणि पोलिसांना लवकरात लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत, कळवायचे. जमावाच्या उद्रेकामुळे थांबणे शक्य नसेल तर काय, याचा विचारही त्याच कलमात केलेला आहे. हा कायदा १९८८ चा. म्हणजे द्वारका चौकात जे झाले ते कायदा करणाऱ्यांना तेव्हाही ठाऊक होते. अशा वेळी गाडी थेट जवळच्या पोलीस स्टेशनला न्यायची आणि तिथून १०८ ची रुग्णवाहिका घटनास्थळी पाठवायला सांगायची. पोलीस स्टेशनला न जाता घरी निघून गेलात तर मात्र तुमच्या कॅमेऱ्यातला व्हिडिओच तुमच्यावर उलटेल.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण मला खटकली. पाच हजार देऊन तुम्ही सुटलात असे म्हणता, पण कागदोपत्री तुम्ही सुटलेला नाही. त्या माणसाने उद्या हाड दुखतेय म्हणून तक्रार केली तर घटना घडली, तुम्ही पैसे दिलेत आणि पोलिसांना कळवले नाही, एवढेच समोर येईल. पैसे दिले याचा अर्थ चूक कबूल केली, असाही लावला जाऊ शकतो. महिना उलटला आहे, तरी जवळच्या पोलीस स्टेशनला एक लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्या. पुढच्या वेळी तर तोडपाणी करण्यापूर्वीच स्टेशन डायरीत नोंद होऊ द्या. दुसऱ्याला झालेल्या इजेसाठी थर्ड पार्टी विमा तुम्ही दर वर्षी भरताच. चौकात रोख देण्याने त्या विम्याचा उपयोग शून्य होतो.

आता चिरंजीवांचे म्हणणे. ते ज्या देशात राहतात तिथल्या पुरते ते निम्मे बरोबर आहेत. जर्मनीत खासगीपणाचे नियम कडक आहेत आणि रस्त्याचे सतत, विनाकारण चित्रण करत राहणे तिथे मान्य नाही. पण तिथल्याच सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने मे २०१८ मध्ये एका अपघाताच्या खटल्यात सांगितले की चित्रण नियमबाह्य असले तरी पुरावा म्हणून ते विचारात घेता येते. आपल्याकडे असा प्रश्नच नाही. खासगी गाडीत डॅशकॅम लावायला बंदी घालणारा कायदा भारतात नाही आणि परवानाही लागत नाही. काचेवर तो अशा जागी नको की चालकाची नजर अडेल, एवढेच. मात्र तुम्ही नाशिककर आहात म्हणून सांगून ठेवतो. देवळाली कॅम्पच्या बाजूला लष्करी आवारात कोणाकडे जाण्याचा योग आला तर गेटवर पोचण्यापूर्वी कॅमेरा बंद करून काढून ठेवा. प्रतिबंधित जागांच्या चित्रणाबाबत १९२३ चा शासकीय गुपिते कायदा आजही लागू आहे आणि गेटवरच्या जवानाला तुमच्या बंपरची कथा सांगून उपयोग नसतो.

कॅमेऱ्याच्या दुकानात जे कोणी सांगत नाही ते आता सांगतो, आणि जरा सविस्तर सांगतो. व्हिडिओ असणे वेगळे आणि तो न्यायालयात टिकणे वेगळे.

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागते. त्याचे दोन भाग आहेत. एक भाग नोंद सादर करणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. कोणत्या उपकरणातून नोंद घेतली, त्याची कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक आणि फाइलचे हॅश मूल्य त्यात लिहावे लागते. हॅश म्हणजे फाइलवर गणिती प्रक्रिया करून निघणारी आकडे-अक्षरांची एक लांब ओळ. फाइलमधला एक ठिपका जरी बदलला तरी ती ओळ पूर्ण बदलते, त्यामुळे व्हिडिओशी छेडछाड झाली की लगेच कळते.

ही प्रमाणपत्राची बाब कागदी सोपस्कार समजू नका. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात जो खटला चालला, त्यात उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की नाही हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओवरून ठरवायचे होते. व्हिडिओ होता, पण अधिकारी प्रमाणपत्र देईनात. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि जुलै २०२० मध्ये निकाल आला. प्रत सादर करायची तर प्रमाणपत्र बंधनकारकच. पण ज्याचे उपकरण आहे तो स्वतः साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून मूळ उपकरणच हजर करत असेल तर त्याची गरज नाही. निकाल जुन्या कायद्याखालचा आहे. नव्या कायद्याने प्रमाणपत्राची अट सैल केलेली नाही, उलट वाढवली आहे. तुमच्यासारख्या कॅमेरामालकाने त्यातून एवढे घ्यायचे की कॅमेऱ्यातले मूळ मेमरी कार्ड सोन्यासारखे जपायचे.

म्हणजे घटना घडल्यावर करायचे काय? गाडी सुरक्षित जागी थांबली की कॅमेऱ्यावरचे आणीबाणीचे बटण दाबून फाइल लॉक करा, नाहीतर कार्ड भरले की कॅमेरा जुने पुसतो, त्यात पुढच्या काही तासांत तीही पुसली जाईल. मग कॅमेरा बंद करून कार्ड काढून घ्या आणि रिकामे कार्ड घाला. घरी गेल्यावर कार्डावरून फाइल जशीच्या तशी संगणकावर कॉपी करा. कापाकापी नको, बाण काढणे नको, संगीत तर नकोच नको. व्हॉट्सॲपवरून कोणालाही व्हिडिओ म्हणून पाठवू नका, कारण तिथे तो दाबला जातो आणि मूळ फाइल उरत नाही. वकिलांना द्यायचा झाला तर पेनड्राइव्हवर द्या. पोलिसांनी कार्ड किंवा कॅमेरा ताब्यात घ्यायचा म्हटला तर द्या, पण पंचनाम्यात त्याची नोंद झाली आहे हे बघा आणि प्रत मागा. आपली चूक दिसते म्हणून व्हिडिओ पुसायचा मोह झाला तर मात्र आवरा. तपास सुरू असलेल्या प्रकरणात पुरावा नष्ट करणे हा वेगळा गुन्हा आहे.

याला लागूनच एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट. कॅमेऱ्यातली तारीख आणि वेळ. बाहेर काढल्या काढल्या बहुतेक कॅमेरे भलतीच तारीख दाखवतात आणि जीपीएस नसेल तर घड्याळ हळूहळू मागे-पुढेही सरकते. व्हिडिओत रात्रीचे साडेतीन आणि रस्त्यावर भर दुपारचे ऊन, अशी चित्रफीत समोरच्या वकिलाला आयती सापडते. महिन्यातून एकदा वेळ तपासा.

जीपीएसवाला घ्यावा का? घ्यावा. लोक कचरतात, कारण व्हिडिओवर वेगही उमटतो. समृद्धीवर कारसाठी मर्यादा १२० ची आणि तुमच्या व्हिडिओत १३४ दिसत असेल तर धडक मागून बसली तरी तुमच्या वकिलाला घाम फुटेल, हे खरे. पण तुम्ही सिग्नलवरून निघताना वेग १२ होता हे त्याच ओळीत दिसते, आणि द्वारकेच्या प्रकरणात तुम्हाला नेमके तेच हवे होते. कॅमेरा तुमचा वकील नाही, साक्षीदार आहे. तो दोन्हीकडून बोलतो.

खरेदीत शेजाऱ्यांचे ऐकायची गरज नाही. फोर-के हा शब्द टीव्हीच्या दुकानातून कॅमेऱ्याच्या दुकानात आला आहे. तुम्हाला हवी आहे पुढच्या गाडीची नंबर प्लेट, आणि ती वाचता येणे हे नुसत्या रिझोल्यूशनवर ठरत नाही. लेन्स किती रुंद, प्रकाश किती, दोन्ही गाड्यांचा वेग किती, यावर ठरते. फार रुंद कोनाचे भिंग चौकातले सगळे टिपते, पण त्यातली प्रत्येक गोष्ट बारीक होते. दिवसा काही मीटरवरची प्लेट साधा फुल एचडी कॅमेरासुद्धा वाचतो. रात्री महागडेही चाचपडतात. आता सगळीकडे लागलेल्या हाय सिक्युरिटी प्लेट चकाकणाऱ्या आहेत, त्यामुळे हेडलाइट पडला की कॅमेऱ्यात आकड्यांच्या जागी पांढरा चौकोन दिसतो. अंधारात बरा चालणारा सेन्सर असेल तर फरक पडतो. खोक्यावर सोनीच्या स्टारविस सेन्सरचे नाव आहे का ते बघा. ‘नाइट व्हिजन’ या शब्दांना मात्र काही अर्थ नाही, ते सगळेच छापतात.

मागचा कॅमेरा घ्यावा की नाही, यावर मी पूर्वी फारसा आग्रही नव्हतो. पण शहरात सिग्नलला उभे असताना मागून ठोकणारे बघता तो घ्यावा असे आता वाटते. पुढचा-मागचा मिळून, जीपीएससह, फुल एचडी किंवा त्याच्या एक पायरी वरचा सेट साधारण आठ-दहा हजारांत बसतो. वीस हजार कशाला? एवढे मात्र लक्षात ठेवा की बाजूने येऊन दरवाजाला घासणारा यातल्या कोणत्याच कॅमेऱ्यात नीट येत नाही.

वाचलेल्या पैशांतून दोन गोष्टी चांगल्या घ्या. पहिली, मेमरी कार्ड. डॅशकॅम अखंड लिहितो, भरले की जुने पुसतो, पुन्हा लिहितो. मोबाइलमधले जुने साधे कार्ड ही रगड सहन करत नाही आणि मरते तेही गुपचूप. कॅमेऱ्याचा दिवा लुकलुकत राहतो, आत मात्र काही लिहिले जात नाही, आणि हे कळते अपघाताच्या दिवशी. ‘हाय एन्ड्युरन्स’ असे लिहिलेले कार्ड घ्या, ओळखीच्या दुकानातून, बिलासह. नकली कार्डांचा सुळसुळाट आहे. हिशेब असा की फुल एचडीचा एक कॅमेरा तासाला साधारण पाच-सहा जीबी खातो. म्हणजे ६४ जीबीत दहा-बारा तास मावतात आणि दोन कॅमेरे असले की त्याच्या निम्मे. तुम्ही १२८ चे घ्या. महिन्यातून एकदा कॅमेऱ्यातूनच फॉरमॅट करा आणि त्याआधी एखादी फाइल उघडून बघा.

दुसरी, बॅटरीऐवजी कॅपॅसिटर असलेला कॅमेरा. स्वस्त कॅमेऱ्यांत लिथियमची छोटी बॅटरी असते. एप्रिल-मेत उन्हात लावलेल्या गाडीची काच आणि डॅशबोर्ड इतके तापतात की ती फुगते, कधी कॅमेऱ्याचे कवचही उचकटते. विदर्भातल्या वाचकांना हे मी सांगायला नको. सुपरकॅपॅसिटर उष्णता बराच सहन करतो. त्याच्यात वीज जेमतेम काही सेकंदांची मावते, पण गाडी बंद झाल्यावर शेवटची फाइल नीट साठवायला तेवढी पुरते.

धक्का ओळखणारा जी-सेन्सर असतो, तो सर्वांत कमी संवेदनशील ठेवा. कारण सांगायला हवे का? आपल्या रस्त्यांवर प्रत्येक खड्डा त्याला अपघात वाटतो, तो प्रत्येक फाइल लॉक करतो, आणि आठवड्याभरात कार्ड लॉक केलेल्या खड्ड्यांनी भरून जाते. नवे लिहायला जागाच उरत नाही.

बसवताना कॅमेरा आरशाच्या मागे, चालकाला न दिसेल असा, आणि वायपर जिथे पुसतो त्या भागात हवा. नाहीतर पावसाळ्यात कसारा घाटात तो चार महिने नुसते थेंब टिपेल. फास्टॅगही साधारण तिथेच चिकटवलेला असतो. त्याच्यावर कॅमेरा लावू नका, नाहीतर टोलनाक्यावर मागच्यांचे हॉर्न ऐकावे लागतील. वायर काचेच्या कडेच्या खांबाच्या आवरणातून नेताना पडदा एअरबॅगच्या (धडकेत खिडकीवर पडद्यासारखी उघडते ती) पुढून नको, मागून न्यायला सांगा. आणि वायरिंगवाला ‘इथून करंट घेतो’ म्हणून मूळ वायर सोलायला लागला तर थांबवा. फ्यूज बॉक्समध्ये लावायचा टॅप मिळतो. तोही नको असेल तर सिगारेट सॉकेट आहेच. मूळ वायरिंग कापले की गाडीच्या वॉरंटीवरून शोरूमवाले हुज्जत घालतात.

पार्किंग मोड, म्हणजे गाडी उभी असतानाही चित्रण चालू ठेवण्याची सोय, तुम्ही बंदच ठेवा. निवृत्त माणसाची गाडी तीन-तीन दिवस जागची हलत नाही. कॅमेरा सतत पाव ते अर्धा अँपिअर ओढत राहिला तर छोट्या गाडीची ३५ अँपिअर-अवरची बॅटरी तीन-चार दिवसांत मान टाकते. व्होल्टेज उतरल्यावर तोडणारी किट मिळतात, पण सोसायटीत वॉचमन आणि सीसीटीव्ही असताना एवढा उपद्व्याप कशाला?

आता घरातला वाद. यात मी उघडपणे तुमच्या लेकीच्या बाजूचा आहे. तिची शंका पोकळ नाही. सिम कार्डवर चालणारे, मोबाइलवर गाडी कुठे आहे ते थेट दाखवणारे डॅशकॅम आता सर्रास मिळतात आणि दुकानदार ‘फॅमिली सेफ्टी’ म्हणून तेच पुढे करतो. तो घेऊच नका. साधा, कार्डवर लिहिणारा कॅमेरा घ्या, गाडीच्या आत बघणारे भिंग नसलेला. पुढचा कॅमेरा रस्ता बघतो, शेजारी कोण बसले आहे ते नाही. तरीही जीपीएसमुळे गाडी कुठे-कुठे गेली हे कार्डावरून कळू शकतेच, हे तिच्यापासून लपवू नका. घरात ठरवून टाका की काही घडल्याशिवाय कार्ड कोणी उघडायचे नाही, आणि घडले तर गाडी जो चालवत होता त्यानेच उघडायचे. कॅमेऱ्याच्या वायफायचा पासवर्ड तिच्याकडेही असू दे, नव्हे, तिलाच ठरवू दे. तुमचा व्हिडिओही तिच्या हाती लागेल, हे तुम्हाला चालत असेल तरच हा करार खरा.

काकूंचे म्हणणे तर बिनतोड आहे. बहुतेक कॅमेऱ्यांत माइक बंद करायचे बटण असते, ते बंद ठेवा. आवाजाचा फायदा कधीतरी होतो, पण तोटा जास्त. धडक बसल्या क्षणी माणूस काहीही बोलतो. ‘अरे देवा, दिसलाच नाही मला’ हे घाबरून निघालेले वाक्य कोणी जबाब म्हणून पुढे ठेवले तर? माइक चालू करावा तो एकाच प्रसंगी. कोणी ठोकून पळाला आणि प्लेट कॅमेऱ्यात येईल असे वाटत नसेल तर गाडी थांबवून बटण दाबा आणि दिसलेला नंबर, रंग, गाडीचा प्रकार मोठ्याने बोलून ठेवा. रात्री याचा खरोखर उपयोग होतो. ड्रायव्हर ठेवणाऱ्यांनी किंवा कोणाला लिफ्ट देणाऱ्यांनी माइक चालू असेल तर तसे आधी सांगावे, ही साधी सभ्यता.

सोसायटीच्या ग्रुपचा बेत सोडून द्या. त्या व्हिडिओतला माणूस बहुधा शेजारच्या गल्लीतलाच निघतो, तोंडे दिसतात, नंबर दिसतो, खाली कोणीतरी ‘असल्यांना फटकावले पाहिजे’ लिहितो आणि बदनामीची नोटीस मात्र टाकणाऱ्याला येते. शिवाय प्रकरण पुढे पोलिसांत गेले तर तुमचा पुरावा आधीच गावभर फिरलेला असतो. तक्रार करायचीच असेल तर वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर नागरिकांना नियमभंग कळवता येतो, तिथे करा. तुमच्याच नावावर चुकीचे ई-चलान आले तरी त्या दिवशीचा व्हिडिओ हाताशी असला की हरकत घ्यायला बळ येते, फक्त तो पुसला जाण्याआधी काढून ठेवायला हवा. चलानचा एसएमएस यायला कधी-कधी वेळ लागतो, त्यामुळे सिग्नलवर शंका आली असेल त्याच दिवशी फाइल वेगळी करा.

राहिला चिरंजीवांनी आणायचा कॅमेरा. त्यांना म्हणावे, चॉकलेटे आण. परदेशातून आणलेल्या वस्तूची वॉरंटी इथे बहुधा चालत नाही आणि उन्हाळ्यात बिघडला तर परत तिकडे कोण पाठवणार? शिवाय डिसेंबरपर्यंत थांबायचे कारण नाही. इथेच घ्या, जीएसटीचे पक्के बिल घ्या आणि त्यावर मॉडेल व अनुक्रमांक लिहून मागा. दुकानदार कुरकुर करेल, तरी लिहून घ्या. वर ज्या प्रमाणपत्राबद्दल लिहिले त्यात हाच अनुक्रमांक भरावा लागतो, आणि कॅमेऱ्याच्या पाठीवरचे स्टिकर पहिल्याच उन्हाळ्यात पुसट होते. बिलाचा मोबाइलवर फोटो काढा आणि खोके माळ्यावर टाकण्याआधी त्याच्यावरच्या बारकोडच्या पट्टीचाही एक काढून ठेवा.